टीव्हीलाच मॉनिटर करा म्हणणाऱ्यांनो, हे वाचा

डीटीपीवाला: काल इथं एकानं लिहिलं, "मॉनिटरवर पैसे घालवणारे येडे. ४३ इंची फोरके टीव्ही आणा, विषय संपला." आणला. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं लग्नपत्रिकांचं काम. पिवळ्यावर लाल अक्षर घेतलं की वेलांटीला घाणेरडी झालर. अनुस्वार आहे का डाग, कळेना. 'चि. सौ. कां.'चा अनुस्वार राहिला, ५०० पत्रिका तशाच छापल्या. मुलीच्या मामांनी भर दुकानात आवाज चढवला. आता बोला.

उद्यमनगरी: दोष टीव्हीचा नाही, भावा. पडद्यावरच्या चार ठिपक्यांत मिळून एकच रंग पाठवला जातोय, म्हणून लाल अक्षर फाटतंय. टीव्हीच्या सेटिंगात जा, कॉम्प्युटर जोडलाय त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' कर. माऊस पेंगत असेल तर ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर अडकलायस, ६० ला आण. मी तीन वर्षं ४३ इंचीवर कॅडची ड्रॉइंग करतोय. साडेएकवीस इंची चार मॉनिटर बिनपट्टीचे चिकटवल्यागत.

पांढरा रस्सा: आणि प्रूफ कागदावर काढायचं असतंय! स्क्रीनवर बघून ५०० छापणाऱ्याला टीव्ही काय करणार?

डीटीपीवाला: गिऱ्हाईक दारात उभं असतंय साहेब. तुम्ही बसून बघा एकदा.

रंकाळाकाठ: पण एका अनुस्वारावरून एवढं? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वार उडवलेतच की.

निवृत्त मास्तर: उच्चार न होणारे उडवले! कांक्षिणीतला स्पष्ट ऐकू येतो. अर्धवट माहितीवर ठोकून देऊ नका.

रंकाळाकाठ: बरं बाबा, तुम्ही मोठे. तसंही आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच जातात.

पांढरा रस्सा: आमच्या आत्याला तशी पाठवली. आली नाही लग्नाला. "अक्षत घेऊन दारात कोण आलं होतं?" म्हणाली. दोन वर्षं झाली, अजून बोलत नाही.

निवृत्त मास्तर: बरोबरच आहे आत्यांचं.

उद्यमनगरी: अरे टीव्हीचं काय झालं? आणि ५५ इंची कोणी टेबलावर घेऊ नका. ठिपके तेवढेच, पसरतात. मान तुटते ती वेगळीच.

डीटीपीवाला: केलं 'पीसी'. झालर गेली, मानलं. पण कॉम्प्युटर झोपला तरी हा 'सिग्नल नाही' म्हणत जागाच. मॉनिटर कसा मुकाट झोपायचा! रिमोट शोधायला उठलो तर तो आईकडं, मालिका लागायची वेळ झालीय म्हणे.