दुसऱ्यांदा पाहिलेला जुना सिनेमा : तुमचे अनुभव लिहा

परवा लेकीबरोबर 'कुंकू' पाहिला. १९३७ सालचा, प्रभातचा. आधी पाहिला होता तो शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर, आजीच्या मांडीला टेकून. त्यातलं एवढंच आठवत होतं की एक म्हातारा आहे, एक घड्याळ आहे आणि आजी मधूनमधून "मेल्या" म्हणते आहे. कोणाला म्हणत होती ते या खेपेला कळलं.

लेक एकोणीस वर्षांची. अर्ध्या तासाने म्हणाली, "बाबा, यात मागे म्युझिकच नाहीये." खरंच नाहीये. व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. जो काही आवाज येतो तो त्या घरातला, त्या प्रसंगातला. ही गोष्ट मी कधीच वाचलेली होती, दोनचार जणांना ऐटीत सांगितलीही होती. पण कानांनी ऐकली ती त्या दिवशी, पोरीने सांगितल्यावर. शांता आपटे नुसती उभी असते आणि घड्याळाचे टोले पडत राहतात, तेव्हा मी आपला सोफ्यावर सरसावून बसलो.

तर धागा त्यासाठी. लहानपणी किंवा तरुणपणी पाहिलेला एखादा जुना सिनेमा बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिलात का? काय वेगळं दिसलं? टिकला का? गोष्ट सांगत बसू नका, ती इथे सगळ्यांना पाठ आहे. आणि "आता तसे सिनेमे होत नाहीत" हे वाक्य जो लिहील त्याच्याकडून सगळ्यांना चहा.

कनातीपलीकडचा

माणदेशातलं गाव. जत्रेला तंबू टॉकीज यायचं आणि त्यात 'संत तुकाराम' एक दिवस असायचाच. आमच्याकडे पडदा तंबूच्या मध्ये लावत. मशीनच्या बाजूला बापई, पडद्याच्या पाठीमागे बाया-पोरं. मी आईबरोबर, म्हणजे पाठीमागे. त्यामुळे मला सगळा सिनेमा उलटा दिसला. नावं उलटी, देहू उलटं, तुकोबांचा डावा हात उजवीकडे. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा, तेवढ्यात शेंगांची टरफलं झटकायची, लघवीला जाऊन यायचं, आणि परत तुकोबा. शेवटी वैकुंठाचं विमान निघालं की आमच्या बाजूच्या बाया जागेवर उठून हात जोडायच्या. पडद्याकडे नाणी पडायची. ती वेचायला आम्हाला आधी धाकदपटशा आणि मग मार.

पुढे नोकरीनिमित्त पुण्याला आलो. तिथे फिल्म संग्रहालयाच्या थिएटरात हाच सिनेमा पाहायचा योग आला. पंचवीस-तीस वर्षं गेली होती मध्ये. पहिली पाच मिनिटं मला चुकल्यासारखं होत होतं. माणसं भलत्याच बाजूने यायची आणि जायची! मग लक्षात आलं की मी पहिल्यांदाच सुलटा बघतोय.

लहानपणी मला फक्त चमत्कार दिसले होते. आता दिसली ती जिजाई. गौरीबाईंनी ती केलीय ते पाहून मी थक्क झालो. आजारी पोराला फरफटत देवळात नेते आणि विठोबावर चप्पल उगारते. आमच्या आईने पटकी देवीला घातलेल्या शिव्या मला आठवल्या. ती बाई नटी वाटतच नाही. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गातात तेव्हा सुंदरच, पण घरात पीठ नाही हे त्या सिनेमाला माहीत आहे ते जिजाईमुळे. नवरा विमानातून वर जातो, ही खाली राहते. तंबूत आम्ही सगळे वर बघत होतो.

एक गंमत. 'आधी बीज एकले' हे आमचे वडील भजनात म्हणत, तुकोबांचं म्हणून. तो अभंग शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय हे मी त्यांना एकदा सांगितलं. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "मग त्या आठवल्यांच्या अंगात आले असतील तुकोबा." आणि म्हणत राहिले.

दोन नंबरचं मशीन

माझे वडील सोलापुरात थिएटरात सिनेमाच्या मशीनवर ऑपरेटर होते. मी शाळेतून सुटले की डबा घेऊन केबिनमध्ये. एवढ्याशा चौकोनी झरोक्यातून मी बहुतेक सिनेमे पाहिलेत आणि जवळजवळ सगळे मुके! आतला छोटा स्पीकर वडील बंद ठेवत, मशीनचा आवाज बिघडला तर लगेच कळावा म्हणून. कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, त्यांचं अंतर सारखं राखावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. दोन जोडून एका स्पूलवर चढवायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका आला की दुसरं मशीन सुरू, पुन्हा ठिपका आला की बदल. ठिपका बघायचं काम माझं. "आला" म्हणून ओरडायचं.

'जगाच्या पाठीवर' मॅटिनीला लागला होता. मूळ सिनेमा १९६०चा, मी पाहिला तो नंतर कधीतरी, प्रिंट पार घासलेली. मला सीमाबाईंचा भयंकर राग आला होता. समोर राजाभाऊ परांजपे एवढे जीव टाकून बोलताहेत आणि ही पोरगी त्यांच्याकडे बघतच नाही, भलतीकडेच बघून हसते. काय हा शिष्टपणा!

चाळिशीत कॉम्प्युटरवर आवाजासकट पाहिला तेव्हा समजलं की ती आंधळी आहे.

'तुला पाहते रे' रेडिओवर शेकडो वेळा ऐकलेलं. 'जरी आंधळी मी' हे शब्द तोंडपाठ. पण ते गाणं आणि ती केबिनमधून दिसलेली शिष्ट मुलगी यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. गदिमा, बाबूजी, आशाबाई एकीकडे आणि सीमाबाईंचा तो चेहरा दुसरीकडे, मध्ये केबिनची काच. गाणं संपेपर्यंत रडत होते, आणि त्यातच कोपऱ्यात ठिपका आला. कॉपी करताना कुणी पुसला नव्हता. मी खरोखर "आला" म्हणाले. नवरा स्वयंपाकघरातून, "कोण आलं?"

ठाणे लोकल

माझा छोटाच. आईने 'मुघल-ए-आझम' १९६० साली मराठा मंदिरला पाहिलेला. २००४ मध्ये तो पूर्ण रंगीत करून आणला तेव्हा मी हौसेने तिला घेऊन गेलो. मध्यंतरात तिचं तोंड एवढंसं. मला वाटलं, बरं वाटत नाही की काय. तर म्हणाली, "अरे, तेव्हा शीशमहालपर्यंत सगळं काळंपांढरं होतं. 'प्यार किया तो डरना क्या' सुरू झालं आणि एकदम रंग! लोक ओरडले होते. आता पहिल्यापासूनच रंग, मग अनारकलीने काय केलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पुढच्या वेळी तिला जुनी प्रत लावून दिली. त्या गाण्याला तिने माझा हात धरला.

शिंपटी

मी वेगळं लिहिते, रागावू नका. 'श्यामची आई' आम्हाला शाळेने दाखवला होता. अख्खी शाळा रडली, बाईसुद्धा. अत्र्यांच्या या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत दोनदा सोडवला आहे. गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलाबरोबर पुन्हा पाहिला. पोहायला जात नाही म्हणून शिंपटीने फोडून काढणारी आई मला आठवतच नव्हती! मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला रडू आलं नाही. अस्वस्थ झाले. वनमालाबाईंचा चेहरा मारताना आणि नंतर, दोन्हीकडे पाहून वाटलं की ही बाई दमलेली आहे. गरिबीने, दुखण्याने. लहानपणी ती मला देवी वाटली होती, आता वय फार तर माझ्याएवढं वाटलं. सिनेमा टिकला का? मला सांगता येत नाही. माधव वझे मात्र टिकले. तळव्यांना माती लागू नये म्हणून आईच्या पदरावर पाय ठेवणारा तो पोरगा बघून माझा मुलगा महिनाभर अंघोळीनंतर टॉवेलवरून चालत होता, ओले पाय घेऊन. त्याचं काय करायचं ते श्यामच्या आईने सांगितलेलं नाही.

कनातीपलीकडचा

शिंपटी, तुमचं पटलं नाही, पण टॉवेल पटला.

रंकाळ्यावरचा

मी दुसऱ्यांदा काय, पहिल्यांदाही न पाहिलेल्या सिनेमाबद्दल लिहितोय. धाग्याच्या नियमात बसत नसेल तर काढून टाका.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५चा, मुका. माझ्या आजोबांनी कोल्हापुरात पाहिलेला, पंधरा-सोळा वर्षांचे असताना. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलेलं. पुढे १९३६ ला बाबूरावांनीच तो बोलपट म्हणून परत केला, तो आहे. मुका मात्र गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या कोठारालाच आग लागली आणि प्रभातच्याही जुन्या फिती त्यात गेल्या. मूकपट तर त्याआधीच बहुतेक संपले होते. कुणी फितीतली चांदी काढायला विकले म्हणतात, कुणी जागा अडते म्हणून टाकले.

आजोबांना त्यातला एक देखावा मरेपर्यंत पाठ होता. रात्र, एकटी झोपडी, अंधारच जास्त, आणि बाहेर कुत्रं रडतंय. बास. "त्यात कुणी माणूस न्हवतंच," म्हणायचे, "तरी समद्यास्नी कळलं घर बुडालं ते." ही झोपडी आणि हे कुत्रं मला पुढे जाणकारांच्या लिखाणातही भेटलं, तेव्हा आजोबा थापा मारत नव्हते याची खात्री पटली. त्याआधी जरा शंका होती, कारण ते कुत्र्याचा आवाज काढून दाखवायचे. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉलेजात गेल्यावर मी म्हटलं, "आजोबा, मूकपट होता ना? आवाज कुठनं आला?" तर माझ्याकडे असे बघितले, जसं काही मीच येडा.

१९३६ चा बोलपट मी दोनदा पाहिलाय. चांगला आहे. माझं लक्ष त्या आवाजाकडे लागून राहतं, तो काही येत नाही.

धागाकर्ता

रंकाळ्यावरचा, नियमात चोख बसतं. एकच विचारतो. आजोबा भुंकून दाखवायचे की हुंदक्यासारखं?

रंकाळ्यावरचा

मान वर करून, लांबवून. शेवटी खोकला यायचा त्यांना, मग आजी पाणी आणायची आणि म्हणायची, "झाला का तुमचा शिनिमा?"