जीमेल ब्राउझरमध्ये की थंडरबर्डमध्ये?
वर विचारलंय की स्क्रीन रीडरवाल्याने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने, जीमेल ब्राउझरमध्येच वापरावं की थंडरबर्ड हे मेलचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं. मी पूर्ण अंध, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. माझा कौल थंडरबर्डला.

जीमेलमध्ये खरी गोची अक्षरांची. त्याचे शॉर्टकट चालू असले की ‘ई’ दाबताच मेल अर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्समधून हटतो. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरायच्या मोडमध्ये, असेल तर तोच ‘ई’ लिहायच्या चौकटीवर नेतो. मोड बदलायला एनव्हीडीएची ठरलेली कळ आणि स्पेस सोबत दाबायची, आणि बदलला का ते एका बारीक आवाजावरून ओळखायचं. पंखा खडखडत असला की झालं! पीक विम्याच्या पावतीचा मेल मी असाच गायब केला. बायको म्हणे, “मंग गेला कुठी?” ‘ऑल मेल’मध्ये सापडला, पण अर्धी दुपार गेली.

जीमेलचं साधं एचटीएमएल रूप आमच्या रडक्या नेटवर्कवर बरं चालायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं.

थंडरबर्डमध्ये एफ६ने फोल्डर, यादी, मजकूर असं फिरता येतं. आयमॅपने (सर्व्हरवरच्या मेलशी जुळवून ठेवायची पद्धत) खातं जोडलं की थंडरबर्ड मेल आधीच उतरवून ठेवतं, म्हणून लाइटीसोबत टॉवर गेला तरी लॅपटॉपवर वाचता येतात. फक्त यादीत असताना ‘ए’ला हात लावू नका, तिथेही अर्काइव्हच आहे.