एका मुलामुळे एकोणचाळीस जणांचं नुकसान होतं का?

तिसरीची_आई

आमच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एक संदेश फिरला. "एका मुलासाठी वर्गातल्या एकोणचाळीस मुलांचं नुकसान कशाला? असल्या मुलांसाठी विशेष शाळा आहेत, तिथंच त्यांचं भलं होतं." खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्या घरी बाळंतपणात मी डबे पोचवले, त्यांचाही अंगठा त्यात होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथे लिहितेय.

"असली मुलं" म्हणजे माझा मुलगा. वय नऊ. तोंडी विचारा, धडा घडाघडा सांगेल. लिहायला बसला की ध चा घ होतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. फळ्यावरच्या दोन ओळी उतरवेपर्यंत फळा पुसलेला असतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं. तोवर पहिली-दुसरीत तो सगळ्यांच्या लेखी "आळशी" होता. हात दुखतो म्हणायचा, आणि मीसुद्धा त्याला दोनदा मारलंय.

यंदाच्या बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतलं. फळ्यावरचं त्याच्या वहीत आधीच लिहून ठेवतात आणि अर्धी परीक्षा तोंडी घेतात, बस. यात त्या एकोणचाळीस जणांचं काय गेलं ते कुणीतरी सांगा.

आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय: ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. पसंती मुलाची, पालकांच्या ग्रुपची नाही.

दुर्गम_गुरुजी

ताई, तुमचा मुलगा शांत बसतो म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतंय. राग मानू नका.

माझी झेडपीची शाळा. वर्ग पाच, शिक्षक दोन, पट चौतीस. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर. दुसरीत एक स्वमग्न मुलगा आहे. मी फळ्याकडे वळलो की हा दाराबाहेर. शाळेला कुंपण नाही आणि मागे शेततळं आहे. म्हणून चौथीतला एक पोरगा मी दारात बसवला होता. ऑगस्टमध्ये तो गैरहजर होता. मी पोषण आहाराच्या तांदळाची नोंद करत होतो. मान वर केली तर जागा रिकामी. पळत गेलो. हा शेततळ्याच्या काठावर उभा होता. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या.

तळ्यात अंथरलेलं ते प्लॅस्टिक किती निसरडं असतं ते ज्याचं शेत आहे त्याला विचारा. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही. मुलाला शाळेत घ्यायला माझी ना नाही, पण सांभाळायला माणूस कुठाय? वर बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, पोर्टलची माहिती, केंद्रप्रमुखांचा "आत्ताच्या आत्ता पाठवा" म्हणून फोन. कायदा पाठ म्हणून दाखवणाऱ्यांनी एक दिवस माझ्या दारात बसावं.

कोथरूडची_पालक

गुरुजी खरं बोलले. माझ्या मुलीला वर्गातल्या एका मुलाने दंडाला चावलं. आठवडाभर दातांचे व्रण होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "समजून घ्या." दर वेळी आम्हीच का समजून घ्यायचं? माझी पोर आता शाळेच्या नावाने पोट दुखतंय म्हणते. तिच्या हक्काचा कायदा कुठला?

तिसरीची_आई

म्हणून सगळ्या मुलांना हाकलायचं? माझा कधी कुणाला चावलेला नाही. तरी त्याच्या नावावर तेच खपतंय.

कोथरूडची_पालक

मी "हाकला" हा शब्द वापरलेला नाही. माझ्या तोंडी घालू नका.

फिरती_विशेषशिक्षिका

मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत कंत्राटी विशेष शिक्षिका आहे. दोन्ही बाजूंना टोचेल असं बोलते.

कोथरूडच्या ताई, चावण्याच्या आधी काय झालं होतं, ते शाळेने शोधलं का? माझ्याकडचा एक मुलगा दर शुक्रवारीच चावायचा. तीन शुक्रवार वर्गात बसून राहिले तेव्हा कळलं, त्या दिवशी शेजारच्या हॉलमध्ये लेझीमचा सराव असायचा. आवाज सुरू झाला की आधी तो कानावर हात ठेवायचा, मग बाकाखाली जायचा आणि कुणी ओढून बाहेर काढलं की चावायचा. सरावाच्या वेळी त्याला वाचनालयात न्यायला लागलो, चावणं थांबलं. पण तुमच्या मुलीची माफी शाळेने मागायलाच हवी होती. "समजून घ्या" हे उत्तर नव्हे.

गुरुजी, माणूस हवा हे शंभर टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्येच सांगितलंय की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. माझ्याकडे सव्वीस शाळा आणि एकसष्ट मुलं आहेत. एका शाळेत पंधरवड्याने पोचते, तेही एसटी वेळेवर आली तर. त्यात प्रमाणपत्राच्या शिबिराला मुलं न्यायची, सिव्हिलमध्ये सकाळपासून रांग, दुपारी डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या. आई मजुरी बुडवून आलेली असते. मी शिकवते कधी, हे मला कुणी विचारत नाही.

सोलापूरचा_अण्णा

थोडं वेगळं लिहितो. "एकोणचाळीस" वाचून राहवलं नाही. माझा पुतण्या हा शब्द ऐकला की ४९ लिहितो. "चाळीस" ऐकू येतं, म्हणून आधी ४. सत्तावीस म्हटलं की ७२. पोराची काय चूक? आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. आमच्याकडे कानडीत "इप्पत्तेळु", म्हणजे वीस सात. तिथं तो चुकत नाही. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस सात" आणलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने टर उडवली. अशा मुलांचं त्यात हित होतं.

पाढे_पाठ

अण्णा, अजिबात पटत नाही. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. पावकी-निमकी पाठ असलेली पोरं याच शब्दांवर शिकली. "बे साते चौदा"ला एक चाल आहे, तीवर पाढा जिभेवर राहतो. उद्या पोरगं बाजारात गेलं आणि भाजीवाली "त्रेसष्ट" म्हणाली तर ते काय करेल? अडचण आली की भाषाच मोडायची?

सोलापूरचा_अण्णा

कुणी मोडली? जुने शब्द पुस्तकातून काढलेच नव्हते, शेजारी नवे दिले होते. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाई त्या पुस्तकाच्या समितीवर होत्या. पुस्तक न उघडता लोक त्यांच्यावर तुटून पडले. तुम्ही तरी उघडलं होतं का?

पाढे_पाठ

उघडलं होतं. माझ्या निष्ठेवर शंका घेऊ नका. शेजारी का होईना, पण दोन-दोन नावं दिली की सात वर्षांचं मूल आणखी गोंधळतं, हे मी वर्गात पाहिलंय.

सोलापूरचा_अण्णा

तुम्ही पाहिली ती शिकलेली पोरं. जी चौथीतच शाळा सोडून गेली, ती तुमच्या छत्तीस वर्षांच्या हिशोबात नाहीत.

पाढे_पाठ

हे फार झालं. मी पोरांना घरी बोलावून फुकट शिकवलंय.

तिसरीची_आई

दोघंही थांबा. माझाही सत्तावीसला ७२ लिहितो. बाईंनी पुस्तकावर वाद घातला नाही. खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. "सत्तावीस" म्हटलं की आधी तो गठ्ठे उचलतो, दोन. मग सुट्या सात. त्याच क्रमाने चौकटीत लिहितो. पेन्सिल हातात घ्यायच्या आधी गठ्ठे मोजायचे, एवढाच नियम. वहीचा फोटो टाकलाय, बघा. शब्द सत्तावीसच आहे.

पाढे_पाठ

काड्यांचं मला मान्य आहे. आम्हीही चिंचोके वापरायचो. "वीस सात" अजूनही मान्य नाही.

कोथरूडची_पालक

लेझीमवालं वाचून आज मुलीला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? म्हणाली, "त्याचा डबा आम्ही लपवला होता." हे मला आतापर्यंत माहीत नव्हतं. शाळेवरचा माझा राग तसाच आहे, त्या तासाला वर्गात मोठं माणूस नव्हतं. पण अंगठा मीही दिला होता, माझ्या ग्रुपवर हाच संदेश आला होता. तो काढून घेतला.

दुर्गम_गुरुजी

ताई, तुमच्या मुलाबद्दल "सोपं" म्हणालो, ते मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. कुंपण आणि एक मदतनीस, याशिवाय "समावेश" हा शब्द माझ्या शाळेत कुणी उच्चारू नये. ग्रामपंचायतीकडे कुंपणासाठी तिसरा अर्ज दिलाय.

ती चौकटीची वही कुठल्या दुकानात मिळते? तिसरीत माझ्याकडे दोघं तसेच आहेत.

तिसरीची_आई

दुकानात नाही मिळत. मी घरीच आखते, दोन बोटं रुंद चौकट, डाव्या घराला लाल रंग. पत्ता निरोपातून कळवा, पाच वह्या आखून पाठवते.