मदत हवी आहे: गॅलरीतल्या कुंडीसाठी टोमॅटोची कोणती जात घ्यावी?

खाडीकाठ (ऐरोली):
रोप पाच फूट वाढतं, फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. गेल्या खेपेला सहा झाडांना मिळून चार टोमॅटो लागले. या वेळी बाजारातल्या टोमॅटोचं बी वापरणार नाही, खात्रीची जात हवी आहे. गणपती झाले, बी याच आठवड्यात टाकायचं आहे. कृपया थेट नावं सांगा.

रानजाई:
कुंडी किती इंची? ऊन किती तास, कोणत्या बाजूचं? मागच्या वेळी बी कधी पेरलं होतं? एवढं कळल्याशिवाय जातीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

कोपरखैरणे१५:
अर्का रक्षक घ्या. बंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेचा संकरित वाण आहे. पानं आकसणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना प्रतिकारक. आपल्याकडच्या लाल मातीत झाडं मर रोगानेच जातात.

रानजाई:
@कोपरखैरणे१५, मर लागली की हिरवंगार झाड एकदोन दिवसांत माना टाकतं. खात्री करायची तर बुंध्याचा तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात धरायचा. कापातून दुधाळ धागा उतरला तर मर. इथे झाड पाच फूट वाढतंय आणि फूल गळतंय. रोग नाही हा.

खाडीकाठ:
कुंड्या १० इंची आहेत. ऊन येतं. बी फेब्रुवारीत पेरलं होतं.

रानजाई:
मग गळ त्यामुळेच. फेब्रुवारीचं रोप एप्रिलमध्ये फुलावर येतं. दिवसा ३२-३५ अंश आणि रात्री २१-२४ च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात, फूल गळतं. तेव्हा कुठलीही नेहमीची जात लावली असती तरी हेच झालं असतं. आत्ता पेरलं तर ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडीत लावाल, नोव्हेंबरअखेर फूल, जानेवारीत फळ. वेळ चांगली आहे.

"ऊन येतं" म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

घोडबंदर_गच्ची:
पुसा रूबी लावा, बी स्वस्त आणि कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त पान आणि खोड यांच्या बगलेतली फूट दर आठवड्याला खुडायची. ती ठेवली की झाड नुसतं पाल्यावर जातं.

मातीगोळा:
१० इंची कुंडीत पुसा रूबी? ती वाढतच राहणारी जात आहे, तिला किमान २० लिटरची बादली आणि पाच-सहा फुटी काठी लागते. १० इंचीत मुळं गोल फिरून बसतात आणि दुपारपर्यंत माती कोरडी. कुंडीसाठी ठरावीक उंचीवर थांबणारी जात हवी: रोमा किंवा पुसा अर्ली ड्वार्फ, १२ ते १५ लिटरमध्ये. आणि या जातींची फूट खुडायची नाही! फळ त्याच फांद्यांवर धरतं. खुडली तर निम्मं पीक तुम्हीच काढून टाकलंत.

घोडबंदर_गच्ची:
मी पुसा रूबीबद्दल बोलतोय, तिची खुडावीच लागते.

मातीगोळा:
तिची बरोबर. पण विचारणाऱ्याला फरक माहीत नसेल तर तो रोमाचीही खुडेल, म्हणून लिहिलं.

वाशी_किचनगार्डन:
टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो त्यावर अंड्याची टरफलं टाकू नका, ती कुजायला फार वेळ लागतो. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस नाही असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी द्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोनदा धुऊन वापरा, त्यात मीठ असतं.

खाडीकाठ:
काळा डाग नाहीये माझ्याकडे, फळच नाही. ऊन दुपारी १ ते ४. पश्चिमेची गॅलरी, समोर टॉवर आहे. गॅलरीला सरकत्या काचा आहेत.

रानजाई:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तीन तास उन्हात झाड उजेडाकडे ताणतं, पाच फूट उंची त्यातूनच आलेली. रोमालाही सहा तास ऊन लागतं. तुमच्यासाठी टायनी टिम: दीड फुटाच्या आत थांबते, चेरीएवढी फळं, १० इंची कुंडी पुरते. फळ लहान असल्यामुळे कमी उन्हातही काहीतरी पिकतं. भाजीपुरते किलोभर टोमॅटो मात्र मिळणार नाहीत. पुसा चेरी नावावरून घेऊ नका, ती पॉलिहाऊससाठीची, वाढत जाणारी आहे.

काचा उघड्या ठेवा. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण पराग सांडायला हलावं लागतं आणि बंद गॅलरीत वारा नसतो. सकाळी दहा-अकराला घोसाच्या देठावर बोटाने चारपाच टिचक्या मारा. हवा कोरडी असेल त्या दिवशी पिवळी पूड उडताना दिसते.

मातीगोळा:
टायनी टिमला अनुमोदन. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखे) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, फक्त कळी दिसेपर्यंत. नंतर १३:०:४५, म्हणजे नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं. फुलावर असताना शेणखत-युरिया देत बसलात तर पुन्हा पालाच.

कोपरखैरणे१५:
पानं आकसणारा विषाणू पांढरी माशी पसरवते, तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा. पानं एकदा आकसली की औषध नाही, झाड उपटून टाकायचं.

खाडीकाठ:
टायनी टिम मागवतो. बी रात्रभर भिजवायचं ना?

रानजाई:
नको. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, सावलीत ठेवा, पाच ते आठ दिवसांत वर येईल. मोड दिसला की त्याच दिवशी उन्हात, नाहीतर तिथेच ताणायला सुरुवात होते. चार खरी पानं (मोडाच्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की खालच्या पानापर्यंत खोड मातीत पुरून लावा, पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात.