मनाला झालेल्या इजेचा कागद आणायचा कुठून?

रेवा_के: "मानसिक धक्का काय, कुणीही सांगेल. भरपाई हवी तर कागद दाखवा." परवाचा हा प्रतिसाद डोक्यातून जात नाही. माझ्या मावसबहिणीवर हल्ला झाला. त्यानंतर ती दाराची कडी काढायलाही घाबरायची. अर्ज केला तर उपचारांची कागदपत्रं मागितली. घराबाहेर न पडणारी बाई ओपीडीत जाणार कशी? नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, पीडित महिलांसाठीच्या 2018 च्या भरपाई योजनेत पुनर्वसन लागेल अशा मानसिक इजेला 1 ते 2 लाख आहेत. मिळतात कुणाला?

बापू_वकील: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. पैसा जनतेचा आहे. हाड मोडलं तर एक्स-रे असतो. भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापतीला माप आहे, 15 दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न जमणं. मनाला कुठलं लावू?

माजी_सिस्टर: त्याच संहितेच्या कलम 2 मध्ये इजेत शरीराबरोबर मनही आहे, जुन्या दंडविधानातही होतं. आणि कागदाचं म्हणाल तर ओपीडीत बाहेर रांग, आत पाच मिनिटं. केसपेपरवर 'झोप येत नाही' आणि गोळीचं नाव. रोज दचकून उठते, त्या रस्त्याने जात नाही, हे कुणी लिहीतच नाही. मग तुम्हीच म्हणता, घटनेशी संबंध दिसत नाही!

कोल्हापूरकर: दाखला राहू द्या, मंजूर पैशाचं बोला. 75 टक्के रक्कम किमान 3 वर्षं ठेवीत. समुपदेशनाची फी आज द्यायची असते.

बापू_वकील: ठेव नसती तर एखादीच्या दिराने आठवड्यात काढून घेतले असते. अशा केसेस पाहिल्यात मी. उपचारासाठी मधे पैसे काढता येतात.

कोल्हापूरकर: प्राधिकरणाची परवानगी घेऊन! म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा कागद. बाईला स्वतःचे पैसे सांभाळता येत नाहीत, हे ठरवणारे तुम्ही कोण?

माजी_सिस्टर: माझ्या वॉर्डातल्या एकीचे पैसे खरंच नवऱ्याने उडवले. बापूंचं एवढं मान्य. पण म्हणून सगळ्यांनाच कुलूप?

रेवा_के: ठेवीवरून भांडताय, पण ठेवायला आधी मिळायला तर हवेत. शेजारीण, शाळेतल्या बाई, रोज बघणारी माणसं सांगतात ते का धरत नाही?

बापू_वकील: अंतरिम मदतीपुरतं प्रतिज्ञापत्र धरा, माझी हरकत नाही. पूर्ण रकमेला मात्र डॉक्टर हवाच.

रेवा_के: मग डॉक्टरला तिच्या घरी पाठवा. सरकारी खर्चाने.