२८ माणसांच्या वर्कशॉपमधे कामगारांना हिस्सा दिला तर धंद्याला खरंच फायदा होतो का?

भोसरीचा_व्हीएमसीवाला

मंडळी नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, ७ मशीनं, २८ माणसं, दोन शिफ्ट. वडलांनी एका लेथवर सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. दुखणं नेहमीचंच, माणूस टिकत नाही. हेल्परचा ऑपरेटर करा, ऑपरेटरचा सेटर (मशीन लावून देणारा) करा, ड्रॉइंग वाचायला शिकवा, आणि दिवाळीचा बोनस खात्यात पडला की गडी दोन हजार जास्तीवर चाकणला. वर्षभरात असे ५ गेले. त्यातला एक सात वर्षं होता, त्याच्या लग्नात आम्ही दोघं भाऊ पंगतीत वाढत होतो.

भाऊ म्हणतो मेन आठ-दहा जणांना मिळून १० टक्के हिस्सा देऊन टाकू, मालक झाल्यावर कोण जातंय. वडील म्हणतात वेड लागलंय का, उद्या हिशोब मागतील. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. आयटीवाल्यांचं सोडा, आपल्यासारख्या धंद्यात कोणी करून बघितलंय का?

रिटायर्ड_कोडर

आयटीवाल्यांचं का सोडा? इन्फोसिस १९८१ ला पुण्यातच सुरू झाली की. १९९३ ला शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षीपासून स्टाफला स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. परदेशी कंपन्या जो पगार देत होत्या तो रोखीत देणं आपल्याकडच्या कंपन्यांना झेपणारं नव्हतं, मग उद्याच्या वाढीतला वाटा द्यायचा. तुमचं आणि चाकणचं दुखणं तेच आहे बघा. फरक एकच पण मोठा, तो शेअर बाजारात विकता येत होता. तुमच्या सेटरला मुलीच्या अ‍ॅडमिशनला पैसे लागले तर तो तुमचा शेअर कोणाला विकणार?

कागदी_करोडपती

वरच्या काकांनी बरोबर नस पकडली. मी एका स्टार्टअपमधे चार वर्षं काढली, नाव नको. जॉइन होताना पगार कमी आणि ऑप्शन भरपूर, एचआरने एक्सेल उघडून दाखवलं की पाच वर्षांनी तुझे इतके लाख, घरी सांगून पेढे पण वाटले. राजीनामा दिला तेव्हा कळलं की ९० दिवसांत पैसे भरून शेअर घ्यायचे नाहीतर गेले, आणि घेतले तर त्या दिवसाची किंमत आणि आपण भरलेली किंमत यातला फरक पगारात धरून त्यावर टॅक्स. म्हणजे हातात दमडी नाही आणि टॅक्स खिशातून. मी सोडून दिले. चार वर्षांत कंपनीचा ताळेबंद एकदाही दाखवला नव्हता बरं का, विचारलं की म्हणायचे कॉन्फिडेन्शियल. कसला मालक आणि कसलं काय. देणार असाल तर वडील ज्याला घाबरतात तो हिशोबच आधी दाखवा, शेअर नंतर.

गिरगावची_वैशू

सगळे आयटीतच का फिरताय, आपलं लिज्जत आहे की. १९५९ ला गिरगावात गच्चीवर ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, नफा झाला तर सगळ्यांचा आणि तोटा झाला तरी सगळ्यांचा. माझी मामी बरीच वर्षं लाटायची. सकाळी मळलेलं पीठ घरी आणायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी द्यायचं. काठाला जाड राहिलेला पापड घेणारी बाई तिच्यासमोरच बाजूला काढायची, आणि ती बाई पण कधीकाळी लाटणारीच, त्यामुळे मामीला राग यायचा नाही, लाज वाटायची. घरी आम्हाला पण लाटायला बसू द्यायची नाही, म्हणायची तुमचा पापड माझ्या नावावर जाईल. हे कुठल्या सुपरवायझरला जमणारे का सांगा. आणि घरात सासूला ती "कामाला जाते" असं कधी नाही म्हणाली, "आमच्या संस्थेत जाते" म्हणायची.

कुर्ल्याचा_जुना

चांगलं आहे पण दुसरी बाजू पण ऐका. आमच्या कुर्ल्याची कामानी ट्यूब्ज. मालकांच्या भांडणात १९८५ ला बंद पडली, १९८८ ला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कामगारांच्या सोसायटीने चालवायला घेतली. देशभर गाजलं तेव्हा. सुरुवातीला चांगली चालली, लोकांनी कमी पगारावर राबून कारखाना उभा केला. पण तांब्या-पितळेचा धंदा म्हणजे माल घ्यायला खेळतं भांडवल लागतं, ते घाम गाळून येत नाही, काही वर्षांत परत आजारी. पुढे उद्योजिका कल्पना सरोज यांच्याकडे गेली. तिकडे अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं पण तसंच, १९९४ ला ५५ टक्के कर्मचाऱ्यांकडे आणि २००२ ला दिवाळखोरी. ऑर्डर नसेल, भांडवल नसेल तर मालक कोण याने फरक पडत नाही. शेठ, तुमचं शॉप नफ्यात असेल तरच वाटा, बुडीत घर वाटू नका.

ताळेबंद_ताई

सीए आहे म्हणून दोन शब्द. पहिलं, तुमची पार्टनरशिप फर्म असेल तर ईसॉप (वरचं स्टॉक ऑप्शनचंच) विसरा, त्याला कंपनी लागते. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअरहोल्डरांचा ठराव करायचा, आणि दिल्यापासून निदान १ वर्ष झाल्याशिवाय कोणाला हक्क लागत नाही, तुम्ही चार वर्षांत थोडा थोडा लागू करा. माणूस सोडून गेला तर शेअर कोण आणि कुठल्या भावाने घेणार हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा, सगळी भांडणं तिथेच होतात. पण २८ माणसांना खरं सांगू का, आधी दोन वर्षं नुसता नफ्यातला हिस्सा द्या, लेखी, आकडा दाखवून. जमतंय असं वाटलं तर मग शेअर.

भोसरीचा_व्हीएमसीवाला

सगळ्यांचे आभार. पार्टनरशिपच आहे आमची, म्हणजे ईसॉप तूर्त कटाप. पण हिशोबाचं डोक्यात बसलं म्हणून काल सेकंड शिफ्ट सुटताना चौघांना केबिनमधे बोलावलं आणि गेल्या महिन्याचं इन्सर्टचं (मशीनवर धातू कापायची छोटी पाती) बिल समोर ठेवलं. आमच्याकडच्या सीएनएमजी इन्सर्टला चार कॉर्नर असतात, पोरं दोन वापरून सरळ स्क्रॅपमधे टाकतात, मी तीन वर्षं ओरडतोय. सेटरने बिल दोनदा वाचलं, म्हणाला, "सर, एवढ्याचे येतात हे?" मग काही न बोलता उठला आणि स्क्रॅपचा ड्रम तिथंच फरशीवर पालथा केला. अर्धा तास चौघं खाली बसून निवडत होते, ४१ निघाले वापरण्यासारखे.

वडील दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, पण आज सकाळी विचारत होते की लाइटबिल पण दाखवणार आहेस का. ताई, तो लेखी हिस्स्याचा मसुदा कसा करायचा, जरा मेसेज करता का?