आजोबांच्या ट्रंकेतली पुंगळी: बुडावरच्या खुणा कशा वाचाव्यात?

सातारकर_नातू:
आमचे आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत पितळी काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली असून ती त्यांनी 1941 साली पूर्व आफ्रिकेतल्या (एरिट्रिया) केरेनच्या लढाईतून आठवण म्हणून आणली, असे घरात सांगितले जाते. तिची लांबी सुमारे 56 मि.मी. आहे आणि बुडाची कड बाहेर आलेली आहे. बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे, त्यांच्यामध्ये बाणाच्या टोकासारखी खूण, एका बाजूला 43 आणि पुसटसे रोमन सात, असे दिसते. यावरून काय ठरवता येईल? चिंच लावून घासल्यास अक्षरे अधिक स्पष्ट होतील का?

जुनी_पितळ:
चिंच कृपया लावू नका. आम्लाने पितळेतले जस्त निघून जाते, पृष्ठभाग तांबूस पडतो आणि उथळ अक्षरे कायमची जातात. मऊ ब्रशने धूळ काढून विजेरीचा उजेड तिरका टाकलात, तर अक्षरे आपोआप उठून दिसतील.

लांबी आणि बाहेर आलेली कड पाहता ही .303 ची, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीची पुंगळी आहे. ‘के’ आणि ‘एफ’ ही आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण आहे आणि मधला बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा आहे. नुसते ‘के’ असते तर ती बर्मिंगहॅमच्या काइनॉक कंपनीची ठरली असती; हा घोटाळा पुष्कळांचा होतो. रोमन सात म्हणजे या काडतुसाचा 1910 साली स्वीकारलेला सातवा नमुना. तो पुढे अनेक वर्षे बनत राहिल्यामुळे त्यावरून काळ ठरत नाही. काळ 43 या आकड्यावरून, म्हणजे 1943 या उत्पादनवर्षावरून ठरतो.

केरेनची लढाई मार्च 1941 मध्येच संपली होती, त्यामुळे ही पुंगळी तिथली असू शकत नाही. तरीही आजोबांची आठवण खोटी ठरवण्याची घाई मी करणार नाही, कारण केरेनला लढलेली पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण पुढे इटलीतही लढली आणि त्याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मधल्या तिथल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन मोहिमांच्या गोष्टी घरात एकत्र झाल्या असतील. अर्थात गोळी कधी आणि कुठे झाडली हे बूड सांगत नाही. ही पुंगळी चांदमारीवरून, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावरून, उचललेलीही असू शकते.

खडकीचा_शेजारी:
बुडाच्या मधल्या टोपीवर (दारू पेटवणारा छोटा भाग) रायफलीच्या पिनेचा खळगा आहे ना, म्हणजे ती झाडलेली आहे ना, आणि तोंडात गोळी नाही ना, हे आधी पाहा. शंका असल्यास हात न लावता पोलिसांना कळवा. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणून रिकामी असली तरी ठाण्यात विचारून ठेवलेले बरे.

सातारकर_नातू:
खळगा आहे, गोळी नाही आणि आत विजेरीने पाहिल्यावर तळाशी दोन बारीक छिद्रे दिसली. आजोबांच्या सेवापुस्तिकेत पलटणीचा क्रमांक शोधतो.

जुनी_पितळ:
दोन छिद्रे म्हणजे बर्डन पद्धतीची टोपी; तिची ठिणगी या छिद्रांतून आतल्या दारूपर्यंत जाते. त्या काळच्या लष्करी .303 मध्ये बहुधा तीच असे, तेव्हा सगळे जुळते. पुस्तिकेत 1943 नंतरच्या नोंदी आधी पाहा.